फ्रान्स का बाहेर पडला? ग्वाल्हेरमध्ये राहून केलेल्या एका पीएच.डी.ची हकीकत

१७ सप्टेंबर २०२५ रोजी माझी मौखिक परीक्षा झाली आणि ६ ऑक्टोबरला पदवीची अधिसूचना हाती आली. विषय होता युरोफायटर या बहुराष्ट्रीय लढाऊ विमानाच्या विकासामागची राजकीय निर्णयप्रक्रिया, कालखंड १९७९ ते २००३; आणि त्यातला एक प्रश्न, या प्रकल्पातून फ्रान्स का बाहेर पडला. महाविद्यालयातली नोकरी सांभाळून, ग्वाल्हेरसारख्या गावी राहून, परदेशी संरक्षण-इतिहासावर काम करू पाहणाऱ्याला विचारायला माणूस मिळत नाही. मलाही मिळाला नव्हता, म्हणून तारखा आणि खर्च आठवणीत ताजे आहेत तोवर सगळे क्रमाने लिहून ठेवत आहे.

आमचे घर पिंटो पार्कात, महाराजपूरच्या हवाई तळापासून फार लांब नाही. फ्रान्सकडून घेतलेली मिराज २००० ही लढाऊ विमाने १९८५च्या जूनअखेरीस भारतात दाखल झाली आणि त्यांचे घर ग्वाल्हेरच झाले. त्यांचा आवाज ऐकतच मी लहानाची मोठी झाले. बाबा सरकारी कार्यालयात कारकून होते आणि वर्तमानपत्र ओळ न ओळ वाचायची त्यांना सवय होती. मी एम.ए.ला असताना त्यांनी एकदा विचारले होते, "इंग्लंड, जर्मनी, इटली आणि स्पेन मिळून एक विमान बनवतात, मग फ्रान्स तेवढा एकटा का बनवतो?" मी तेव्हा "अभिमानी देश आहे, म्हणून," असे काहीतरी उत्तर दिले होते. ते उत्तर पोकळ आहे हे मला बोलतानाच कळले होते.

२०१७च्या डिसेंबरमध्ये पीएच.डी. प्रवेश परीक्षा दिली, फेब्रुवारी २०१८पासून सहा महिन्यांचा कोर्सवर्क केला आणि ऑगस्टमध्ये रूपरेषा सादर केली. संशोधन पदवी समितीची, म्हणजे आरडीसीची, बैठक दोनदा पुढे ढकलली जाऊन अखेर २२ नोव्हेंबर २०१८ला झाली. समितीतील एका ज्येष्ठ सदस्यांनी विचारले की यात भारताचा संबंध काय, आणि ग्वाल्हेरमध्ये बसून युरोपच्या विमानाचा अभ्यास कशाच्या आधारे करणार. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर माझ्याजवळ नव्हते. पहिल्याचे मात्र होते. भारतीय हवाई दलाच्या १२६ विमानांच्या खरेदीसाठी सहा विमानांची चाचणी झाली होती आणि एप्रिल २०११मध्ये त्यांतून दोनच उरली, युरोफायटर आणि फ्रान्सचे राफाल. ही दोन्ही विमाने एकाच वाटाघाटीतून, १९८५ साली, वेगळ्या वाटांनी गेली होती. जानेवारी २०१२च्या अखेरीस राफालला पसंती मिळाली, पुढे ती वाटाघाटही निष्फळ ठरली आणि सप्टेंबर २०१६मध्ये ३६ राफालचा वेगळा करार झाला. रूपरेषेत भारतावर एक प्रकरण वाढवण्याच्या अटीवर मान्यता मिळाली. हे प्रकरण माझ्या प्रबंधातले सर्वांत चांगले प्रकरण ठरले, त्यामुळे आरडीसीतील आक्षेप लगेच खोडून काढण्याऐवजी घरी नेऊन दोन दिवस त्यावर विचार करावा, असे मी आता सांगते.

येथेच एक व्यवहाराची गोष्ट. माझी नोंदणी विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१६च्या नियमांखाली झाली. त्यांत कमाल मुदत सहा वर्षे होती, आणि महिलांना तसेच दिव्यांग संशोधकांना आणखी दोन वर्षे मिळत. ही सवलत आपोआप लागू होईल अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात मुदत संपण्यापूर्वी अर्ज, मार्गदर्शकांची शिफारस आणि शुल्काची पावती असे तीन कागद द्यावे लागले. दर सहा महिन्यांनी द्यायच्या प्रगती अहवालाची पोचसुद्धा शिक्क्यासह जपून ठेवावी. २०२१मधला माझा एक अहवाल कार्यालयात सापडेना, तेव्हा त्या पोचेनेच निभावले.

पहिली दोन वर्षे मी फक्त घरबसल्या मिळणारे साहित्य वाचले. ते किती आहे याची मला कल्पनाच नव्हती. ब्रिटिश संसदेतील चर्चा हॅन्सार्डच्या संकेतस्थळावर विनामूल्य आहेत, जर्मन संसदेची कागदपत्रे आहेत, त्या काळच्या ब्रिटिश पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांच्या नावाच्या प्रतिष्ठानाने मांडून ठेवलेली कागदपत्रे आहेत, आणि ब्रिटनच्या राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाचा या विमानावरचा २०११चा अहवाल आहे. ब्रिटनने २३२ विमानांचे ठरवले होते आणि १६० घेतली. ७२ विमाने कमी घेऊनही विकास व उत्पादनाचा खर्च मूळ अंदाजापेक्षा ३.५ अब्ज पौंडांनी वाढून २०.२ अब्जांवर गेला, असे तो अहवाल सांगतो. हा आकडा वाचल्यावर मी प्रबंधाचा सूर जवळजवळ ठरवूनच टाकला होता. चार देश एकत्र आले, प्रत्येकाने आपापले हट्ट पुरवून घेतले आणि पैसा वाया गेला, असा तो सूर होता. माझे मार्गदर्शक सर शांतपणे म्हणाले, "निष्कर्ष छान आहे. पुरावे यायचे आहेत ना अजून?"

२६ फेब्रुवारी २०१९च्या पहाटे बालाकोटच्या मोहिमेसाठी मिराज विमाने ग्वाल्हेरहूनच निघाली. सकाळी बातमी आली तेव्हा आमची सगळी गल्ली दारात उभी होती. मी त्या सकाळी टेबलाशी बसले, पण एक ओळही लिहू शकले नाही. ज्या गोष्टीचा मी वजन, टक्केवारी आणि करारांच्या भाषेत अभ्यास करीत होते, तिच्यात माणसे बसून जातात, हे त्या दिवशी मनात पक्के बसले.

करोनाच्या काळात ग्रंथालये बंद होती, ऑनलाइन वर्गांनी दिवस खाल्ला आणि २०२०च्या जुलैत राफालची पहिली पाच विमाने अंबाल्याला उतरताना दूरचित्रवाणीवर पाहत मी भारतावरील प्रकरणाचा कच्चा खर्डा पूर्ण केला. त्या वर्षाबद्दल याहून अधिक सांगण्यासारखे काही नाही.

२०२२मध्ये मला समजले की ब्रिटनच्या २०००च्या माहिती स्वातंत्र्य कायद्याखाली जगातील कोणीही, कोणत्याही देशाचा नागरिक, शुल्काविना ई-मेलने माहिती मागू शकतो. ही गोष्ट मला पहिल्याच वर्षी कोणी सांगितली असती तर फार उपयोग झाला असता. उत्तर देण्याची मुदत कामाचे २० दिवस असते. माझा पहिला अर्ज "युरोफायटरसंबंधी १९८५ची सर्व कागदपत्रे" असा होता आणि शोधण्याचा खर्च कायद्यातील मर्यादेपलीकडे जातो, या कारणाने तो नाकारला गेला. केंद्रीय खात्यांसाठी ती मर्यादा ६०० पौंडांची आहे. दुसऱ्या अर्जात मी अभिलेखागाराच्या सूचीतून फाईलचा नेमका क्रमांक आणि तारखांचा पल्ला दिला, आणि काही पाने मिळाली. तिसऱ्या अर्जाला आंतरराष्ट्रीय संबंधांचे कारण देऊन नकार आला. त्यावर अंतर्गत फेरविचार मागितला आणि आठ महिन्यांनी, मधला मजकूर काळा केलेली अकरा पाने आली. अर्ज अरुंद ठेवावा, एका अर्जात एकच फाईल मागावी आणि नकार आला तर फेरविचार जरूर मागावा.

तरीही मूळ फाईली पाहिल्यावाचून गत्यंतर नव्हते. लंडनमधील क्यू येथे ब्रिटनचे राष्ट्रीय अभिलेखागार आहे. एआयआर या मालिकेत हवाई दलाची, डीईएफईमध्ये संरक्षण खात्याची आणि पीआरईएम १९मध्ये १९७९नंतरच्या पंतप्रधान कार्यालयाची कागदपत्रे आहेत. कागद तीस वर्षांनी खुले करण्याचा जुना नियम टप्प्याटप्प्याने वीस वर्षांवर आणला गेल्यामुळे माझ्या कालखंडातला बराच भाग खुला झाला होता. मी घरून सूची चाळून ६१ फाईलींचे क्रमांक काढले. त्यांपैकी १४ खात्यानेच ठेवून घेतल्याचे सूचीत लिहिलेले होते. हे काम तिकीट काढण्यापूर्वीच करावे, नाहीतर हजारो मैल जाऊन बंद फाईलीसमोर उभे राहावे लागते.

परदेशी जाण्यासाठी महाविद्यालयाचे अनापत्ती प्रमाणपत्र लागते. त्याचा अर्ज मी ऑक्टोबर २०२३मध्ये दिला आणि प्रमाणपत्र फेब्रुवारी २०२४मध्ये मिळाले. मधल्या काळात फाईल कोणत्या टेबलावर आहे हे विचारण्यासाठी सहा फेऱ्या झाल्या. प्रत्येक फेरीची तारीख आणि मिळालेले उत्तर मी वहीत लिहीत गेले, आणि चौथ्या फेरीत ती वही समोर ठेवल्यावर काम हलले. व्हिसासाठी ११ मार्चला दिल्लीला जाऊन बोटांचे ठसे दिले. त्यासाठी आदल्या दिवशीच नात्यातल्या एका मावशींकडे जाऊन राहिले. शुल्क तेव्हा ११५ पौंड होते, म्हणजे आपले बारा हजारांच्या आसपास. बँकेचे सहा महिन्यांचे विवरण, पगारपत्रके, अनापत्ती प्रमाणपत्र, मार्गदर्शकांचे पत्र आणि पाहायच्या फाईलींची यादी असे सगळे मी जोडले. पासपोर्ट २ एप्रिलला परत आला. विमानाचे तिकीट ६४ हजार, ओळखीच्या मराठी कुटुंबाकडे भाड्याने मिळालेली खोली ४८ हजार, प्रवास आणि जेवण धरून एकूण खर्च एक लाख सत्तर हजारांच्या घरात गेला. अनुदान मिळाले नाही. तीन वर्षे दरमहा बाजूला ठेवलेले पैसे आणि सासूबाईंनी न मागता पुढे केलेली चाळीस हजारांची रक्कम यांतून ते भागले. मुलगी तेव्हा सहा वर्षांची होती. पंधरा दिवस तिला सोडून राहणे मला जड गेले, आणि हे लिहिताना लपवावेसे वाटत नाही.

१४ मे २०२४, मंगळवारी, क्यू गार्डन्स स्थानकावर उतरून मी चालत गेले. वाचनकक्ष रविवारी आणि सोमवारी बंद असतात, त्यामुळे बारा दिवसांच्या मुक्कामात मला वाचनाचे दहा दिवस मिळाले. वाचकपत्र विनामूल्य मिळते. नाव आणि पत्ता दाखवणारी दोन वेगळी कागदपत्रे मूळ स्वरूपात लागतात, आणि आधार कार्डाच्या भरवशावर न राहता मी इंग्रजीतले बँकेचे विवरणही नेले होते, ते उपयोगी पडले. आत शाईचे पेन नेता येत नाही, फक्त शिसपेन्सिल. स्वतःच्या फोनने छायाचित्रे मोफत काढता येतात. मी प्रत्येक फाईलीच्या सुरुवातीला तिच्या क्रमांकाच्या चिठ्ठीचे छायाचित्र काढत असे. दहा दिवसांत साडेतीन हजार छायाचित्रे झाली आणि ती चिठ्ठी नसती तर कोणते पान कोणत्या फाईलीतले हे मला घरी आल्यावर कधीच कळले नसते.

तिसऱ्या दिवसापासून माझा ठरवून टाकलेला निष्कर्ष ढासळू लागला. १९८३च्या डिसेंबरमध्ये ब्रिटन, पश्चिम जर्मनी, फ्रान्स, इटली आणि स्पेन या पाच देशांच्या हवाई दलप्रमुखांनी एका सामाईक विमानाच्या अपेक्षा मांडल्या. मायकेल हेसेल्टाइन हे ब्रिटनचे, मानफ्रेड व्योर्नर जर्मनीचे आणि शार्ल एर्न्यू फ्रान्सचे संरक्षणमंत्री होते, आणि तिघांनाही एकत्र विमान बनावे असे वाटत होते. भांडण स्वभावाचे नव्हते, वजनाचे होते. ब्रिटनला उत्तर समुद्रावर दूरवर गस्त घालून सोव्हिएत बॉम्बर अडवणारे, लांब पल्ल्याचे, दोन इंजिनांचे विमान हवे होते. फ्रान्सला त्याच विमानाने जमिनीवर हल्ला करायचा होता आणि क्लेमांसो व फॉश या विमानवाहू जहाजांवरूनही उडायचे होते. त्या जहाजांवरून विमान फेकून उडवणाऱ्या कॅटापुल्टला आणि ते वर-खाली नेणाऱ्या लिफ्टला जे वजन पेलते त्याच्या पलीकडे जाता येत नव्हते. शिवाय मिराजची निर्यात करून फ्रान्सने हे शिकले होते की लहान, स्वस्त विमानाला गिऱ्हाईक मिळते. एक टन इकडे-तिकडे म्हणजे इंजिन वेगळे, पंख वेगळे, आणि पर्यायाने कोणाच्या कारखान्यात काम जाणार तेही वेगळे. फ्रान्सने आराखड्याचे नेतृत्व आणि जवळपास निम्मे काम मागितले हे खरे आहे, पण ती मागणी त्या वजनाच्या मागून आली होती.

१९८५च्या ऑगस्टच्या पहिल्या दोन दिवसांत तुरीन येथे ब्रिटन, पश्चिम जर्मनी आणि इटली यांनी फ्रान्सविना पुढे जायचे ठरवले. रिकाम्या विमानाचे वजन ९.७५ टन, पंखांचे क्षेत्रफळ ५० चौरस मीटर, प्रत्येक इंजिनाचा रेटा ९० किलोन्यूटन, असे ते ठरले. स्पेन सप्टेंबरमध्ये त्यांना येऊन मिळाला. ग्वाल्हेरला मिराज येऊन तेव्हा जेमतेम दोन महिने होत होते. कागदावर तो आकडा वाचताना मला बाबांचा प्रश्न आठवला, आणि त्याचे उत्तर मी किती वर्षे चुकीच्या जागी शोधत होते याची खंतही वाटली.

वाचनकक्ष बंद असलेल्या सोमवारी, २० मेला, मी वुल्व्हरहॅम्प्टनमार्गे कॉसफर्डला गेले. तेथे ब्रिटिश हवाई दलाचे संग्रहालय आहे, प्रवेश विनामूल्य आहे आणि रेल्वे स्थानक पायी जाण्याच्या अंतरावर आहे. युरोफायटरच्या आधी तंत्र आजमावण्यासाठी बनवलेले ईएपी हे एकमेव प्रायोगिक विमान तेथे उभे आहे. जर्मन सरकारने त्यातून पैसा काढून घेतल्यावर प्रामुख्याने ब्रिटन आणि इटलीच्या बळावर ते पुरे झाले. इंजिने टॉर्नेडो या आधीच्या लढाऊ विमानाची, शेपटीचा उभा पंखही टॉर्नेडोचाच. ८ ऑगस्ट १९८६ला ते इंग्लंडमधील वॉर्टन येथून प्रथम उडाले, आणि त्याच्या बरोबर पाच आठवडे आधी, ४ जुलैला, फ्रान्सचे राफालचे प्रात्यक्षिक विमान उडाले होते. ईएपी स्थिर ठेवण्याचे काम सर्वस्वी संगणकांकडे असते. ते मुद्दाम अस्थिर घडवलेले असते, म्हणून चपळ असते. त्या शेपटीखाली मी बराच वेळ उभी राहिले. जे विमान फाईलींमध्ये फक्त रकमांच्या आणि आक्षेपांच्या रूपात भेटत होते, त्याचे रिव्हेट डोळ्यांना दिसत होते.

परतल्यावरचे वर्ष लेखनाचे होते. १९८८च्या नोव्हेंबरमधील विकास करार, रडार कोणते घ्यायचे यावरून झालेली आणि १९९० साली मिटलेली तेढ, १९९२ साली जर्मन संरक्षणमंत्री फोल्कर र्‍यूहे यांनी जर्मनीच्या एकीकरणाचा खर्च आणि शीतयुद्धाचा अंत पुढे करून बाहेर पडण्याची केलेली भाषा, त्यानंतर हलक्या पर्यायांचा अभ्यास आणि डिसेंबरात नव्या नावाने झालेली तडजोड, हे सगळे चौथ्या प्रकरणात आले. कामाची वाटणी विमानांच्या मागणीवर आधारलेली होती. सुरुवातीला ब्रिटन व जर्मनी प्रत्येकी २५०, इटली १६५ आणि स्पेन १०० अशी मागणी होती, म्हणून वाटा ३३, ३३, २१ आणि १३ टक्के; पुढे मागणी घटल्यावर वाटेही पुन्हा मोजावे लागले. पुढचे धड ब्रिटनमध्ये, मधले जर्मनीत, डावा पंख इटलीत, उजवा मुख्यतः स्पेनमध्ये, आणि अंतिम जुळणी मात्र चारही देशांत आपापली, ही रचना खर्चिक आहेच. पण कोणी एकाने बाहेर पडणे इतरांना आणि त्याला स्वतःलाही परवडू नये अशी ती बांधलेली होती, आणि १९९२ साली हे विमान त्याच गाठींमुळे वाचले, हे माझे प्रतिपादन आहे. स्वीडनच्या ग्रिपेन या लढाऊ विमानाच्या १९८९ आणि १९९३च्या अपघातांनंतर नियंत्रण-प्रणालीची तपासणी अधिक कसोशीने झाली आणि पहिले उड्डाण १९९२ऐवजी २७ मार्च १९९४ला जर्मनीत मांखिंग येथे झाले. ही दोन वर्षे मी आधी "विलंब" या मथळ्याखाली लिहिली होती. सरांनी तो मथळा खोडायला लावला आणि त्यांचे बरोबर होते.

शोधनिबंधाबद्दल एक इशारा. २०१६च्या नियमांनुसार किमान एक निबंध प्रसिद्ध करावा लागे आणि दोन परिषदांत वाचावे लागे. एका नियतकालिकाने चार दिवसांत स्वीकृती कळवून साडेपाच हजार रुपये मागितले. परीक्षकांचा एक शेराही त्यांनी पाठवला नव्हता. मी तो निबंध मागे घेतला आणि दुसऱ्या ठिकाणी चौदा महिने थांबले. तेथून आलेल्या दोन परीक्षकांच्या शेऱ्यांमुळे वजनाचे गणित मांडलेला तक्ता सुधारला.

नोव्हेंबर २०२४मध्ये विभागासमोर पूर्वसादरीकरण झाले. इतरांच्या मजकुराशी किती जुळते हे पाहणाऱ्या साम्य-तपासणीत पहिल्यांदा १७ टक्के आले, कारण करारांची कलमे मी जशीच्या तशी उद्धृत केली होती. मर्यादा १० टक्क्यांची आहे. कलमे परिशिष्टात हलवून, मजकुरात स्वतःच्या शब्दांत आशय दिल्यावर ते ६ टक्क्यांवर आले. १६ जानेवारी २०२५ला प्रबंध सादर केला, बांधणीच्या पाच प्रतींना साडेचार हजार रुपये लागले. त्यानंतर बाह्य परीक्षकांच्या अहवालांची सात महिने वाट पाहिली. हा काळ सर्वांत अवघड असतो, कारण करण्यासारखे काहीच उरत नाही. मी त्या काळात प्रबंधाचा चौदा पानांचा सारांश मराठीत लिहिला, बाबांसाठी. त्यांचे डोळे आता अधू झाले आहेत, म्हणून अक्षरे मोठी छापून घेतली.

मौखिक परीक्षेत परीक्षकांनी विचारले की फ्रान्स राहिला असता तर काय झाले असते. मी म्हणाले की १९८५च्या गरजा तशाच राहत्या, तर तो नंतर केव्हातरी बाहेर पडला असता, आणि तोवर झालेला खर्च पाचही देशांना सोसावा लागला असता. बाबांनी सारांश वाचून पेन्सिलीने ९.७५ या आकड्याखाली रेघ मारली होती आणि समासात विचारले होते, "आणि मिराजचे वजन किती?" ते साडेसात टनांच्या आसपास आहे.

प्रबंध शोधगंगेवर, म्हणजे भारतीय प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारावर, चढवला गेला आहे. पाहिलेल्या ४७ फाईलींचे क्रमांक, त्यांतील कोणती पाने काळी केलेली आहेत याच्या नोंदीसह, परिशिष्ट चारमध्ये दिले आहेत, आणि बंद असलेल्या चौदांची यादी परिशिष्ट पाचमध्ये आहे.